शाळा, जेवण आणि औषधपाणी, महिन्याच्या स्पॉन्सरशिपचा माझा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी चार. एक स्टार कशाला कापला ते पुढे येईलच. हा रिव्ह्यू एका संस्थेचा नाही, या प्रकारच्या सेवेचा आहे, म्हणजे आपण दर महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची आणि संस्थेने एखाद्या गरीब वस्तीतल्या मुलाची शाळा, एक वेळचं जेवण आणि तब्येत या तिन्हींकडे बघायचं. मी ज्यांच्याकडे पैसे भरते त्यांचं नाव लिहीत नाहीये, कारण मला तक्रारीही लिहायच्यात आणि नाव घेतलं की सगळी चर्चा नावावरच घसरते, मूळ मुद्दा बाजूला राहतो.

आपल्या हातात काय पडतं ते आधी सांगते. वेबसाइटवर मुलांचे फोटो असतात, त्यातून एक निवडायचं (मी निवड त्यांच्यावरच सोडली, फोटो बघून मूल पसंत करणं मला जमेना), मग फॉर्म, ऑटो डेबिट, मेलवर पावती, वर्षातून एकदा प्रोग्रेस रिपोर्ट आणि मधूनमधून मुलीचं पत्र. हा सगळा भाग एकदम व्यवस्थित आहे, पावती कधी चुकली नाही, रक्कम कमीजास्त करायची असेल तर लॉगिन करून दोन मिनिटांत होते, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आता एक गोष्ट जी बहुतेकांना साइन अप करताना कळत नाही आणि नंतर कळली की राग येतो. आपला पैसा त्या एकाच मुलीच्या हातात जात नाही. बऱ्याच मोठ्या संस्था सगळ्या देणगीदारांचा पैसा एकत्र करतात आणि तो वस्तीतल्या शाळेवर, स्वयंपाकघरावर, नर्सच्या पगारावर खर्च करतात, फोटोतली मुलगी त्या वस्तीची प्रतिनिधी असते. काही लोक याला सरळ फसवणूक म्हणतात. मला विचाराल तर पद्धत हीच बरोबर आहे, कारण एकाच घरातल्या एका मुलीला पोटभर जेवण आणि तिच्या भावाने नुसतं बघत बसायचं हे कुठल्या माणुसकीत बसतं? पण हे फॉर्मवरच ठळक अक्षरात लिहायला पाहिजे, खाली बारीक अक्षरात नको. आणि काही संस्था खरोखर एकेका मुलामागे खर्च धरतात, त्यामुळे तुमची संस्था कुठल्या प्रकारची आहे हे पैसे भरण्याआधी मेल करून विचाराच.

याचा खरंच उपयोग होतो का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. तर यावर एक चांगला अभ्यास झालेला आहे, ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवी आणि लेन रटलेज या तिघा अर्थतज्ज्ञांचा, २०१३ साली जर्नल ऑफ पॉलिटिकल इकॉनॉमीमध्ये छापून आलेला. कम्पॅशन इंटरनॅशनल या संस्थेच्या स्पॉन्सरशिपचा त्यांनी ६ देशांत अभ्यास केला, बोलिव्हिया, ग्वातेमाला, भारत, केनिया, फिलिपिन्स आणि युगांडा, एकूण १०,१४४ माणसांची माहिती घेऊन. लहानपणी स्पॉन्सरशिप मिळालेली आणि न मिळालेली माणसं मोठी झाल्यावर त्यांची तुलना केली तेव्हा मिळालेल्यांचं शिक्षण सरासरी १.०३ ते १.४६ वर्षं जास्त झालेलं दिसलं. ऐकायला हे वर्ष-सव्वा वर्ष काहीच वाटत नाही, पण गरीब घरात शाळा सुटते ती नेमकी त्याच टप्प्यावर सुटते जिथे अजून एक वर्ष निघालं असतं तर प्राथमिक पूर्ण झालं असतं किंवा माध्यमिकचं सर्टिफिकेट हातात आलं असतं. मोठेपणी पगारी नोकरी मिळण्याचं प्रमाणही त्यांच्यात वाढलेलं दिसलं. हा निकाल एका संस्थेचा आहे, सगळ्यांना सरसकट लागू करू नका, पण सगळं पाण्यात जातं असं म्हणणाऱ्यांना दाखवायला तो पुरेसा आहे.

जेवणावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण माझ्या मते या सेवेचा जीव तिथे आहे. उपाशी पोरगं वर्गात बसतं खरं पण त्याचं लक्ष फळ्याकडे नसतं, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. केनियात क्रिस्टेल वर्मीर्श आणि मायकेल क्रेमर यांनी २५ बालवाड्यांमध्ये फुकट नाश्ता सुरू करून दुसऱ्या २५ बालवाड्यांशी तुलना केली होती, तर नाश्त्याच्या बालवाड्यांत मुलांची हजेरी ३० टक्क्यांनी जास्त निघाली. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, पुढचं कुणी सांगत नाही, की परीक्षेतले मार्क मात्र तिथेच सुधारले जिथे शिकवणारी व्यक्ती आधीपासून अनुभवी होती, आणि जेवण शिजवण्या-वाढण्यात शिकवण्याचा वेळ जातो हेही त्याच अभ्यासात दिसलं. म्हणजे जेवण पोराला शाळेच्या दारापर्यंत आणतं, आत आल्यावर काय होणार ते शिकवणाऱ्यावर. म्हणून संस्थेला हे विचारा की स्वयंपाक कोण करतं, वाढायला किती वेळ लागतो, आणि शिक्षक त्यात अडकतात का. मेरीज मील्स नावाची संस्था २००२ मध्ये मलावीत २०० मुलांपासून सुरू झाली आणि आता २० लाखांहून जास्त मुलांना शाळेच्या दिवशी जेवण देते, तिथे स्वयंपाक करणारे त्याच वस्तीतले स्वयंसेवक असतात, त्यामुळे शिक्षक मोकळे राहतात. माझ्या संस्थेने पगारी स्वयंपाकिणी ठेवल्यात. मला ते जास्त आवडतं, कारण मोठमोठी भांडी उचलणं, धूर सोसणं हे कष्टाचं काम आहे आणि गरीब वस्तीतल्या बायकांनी ते फुकट का करावं.

माझ्या संस्थेच्या रिपोर्टमधली एक गोष्ट मला मनापासून भावली आणि खरं तर तिच्यासाठीच मी इतकी वर्षं टिकून आहे. त्यांच्या जेवणाच्या तक्त्यात एक रकाना आहे, 'जेवण न शिजलेले दिवस', आणि त्याच्यापुढे कारण. पावसाने रस्ता बंद, सरपण ओलं, स्वयंपाकीण आजारी, धान्याची गाडी उशिरा, एका ठिकाणी तर नुसतं 'पाणी नाही' एवढंच. किती ताटं वाढली याचे मोठाले आकडे सगळेच छापतात हो, पण कुठल्या दिवशी मुलं उपाशी परत गेली हे स्वतःहून छापणारी संस्था माझ्या बघण्यात फार कमी. पुढच्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये त्याच शाळेत सरपण ठेवायला पत्र्याची शेड बांधल्याचा खर्च दाखवला होता आणि ओल्या सरपणाचं कारण त्या पानावरून गायब झालं होतं. माझा पैसा कामाला लागतोय ही खात्री मला त्या शेडच्या नोंदीने दिली, हसऱ्या फोटोंनी नाही दिली.

अजून एक सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगभर सुमारे ४१ कोटी ८० लाख मुलांना शाळेत जेवण मिळत होतं आणि यातला बहुतांश पैसा त्या त्या देशांच्या सरकारांचाच असतो. त्यामुळे जिथे सरकारी जेवण आधीच पोचतंय तिथे संस्थेने शेजारी दुसरी चूल मांडण्यात अर्थ नाही, जिथे पोचत नाही तिथे जावं, नाहीतर आहे त्या स्वयंपाकघरात पाणी, साबण, धान्य ठेवायला कोठी अशी भर घालावी. तुमची संस्था यातलं काय करते हे विचारल्यावर जर त्यांना उत्तरच देता आलं नाही तर मी तिथे पैसे भरणार नाही.

आता औषधपाणी. इथे मी खूश पण आहे आणि चिडलेली पण आहे.

खूश यासाठी की छोट्या, स्वस्त, कुणाच्या डोळ्यात न भरणाऱ्या गोष्टी हे लोक नेमाने करतात. जंतांच्या गोळ्यांचंच उदाहरण घ्या. एडवर्ड मिगेल आणि क्रेमर यांनी केनियातल्या ७५ शाळांमध्ये याचा अभ्यास केला, २००४ मध्ये तो छापून आला, जंतांच्या औषधाने शाळेतली गैरहजेरी साधारण एक चतुर्थांशाने कमी झाली आणि गंमत म्हणजे गोळी न घेतलेल्या आसपासच्या मुलांनाही फायदा झाला, कारण जंत पसरणंच कमी झालं. पुढे २०१५ च्या सुमारास या आकड्यांवरून संशोधकांमध्ये चांगलीच जुंपली, फेरतपासणीत काही हिशेब चुकलेले निघाले, शेजारच्या शाळांवरचा परिणाम किती यावर मतभेद झाले, हेही सांगायला हवं. पण वीस वर्षांनी त्याच मुलांचा माग काढला तेव्हा औषध जास्त काळ मिळालेल्यांची कमाई आणि घरखर्च बऱ्यापैकी जास्त निघाला. वर्षातून एकदोनदा चघळायची गोळी आहे ती. माझ्या मुलीच्या (स्पॉन्सर केलेल्या, पण घरात आम्ही तिला आमचीच म्हणतो) कार्डावर तारखेसकट नोंद असते.

तसंच दंडाची पट्टी. पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या दंडाचा, म्हणजे कोपराच्या वरच्या हाताचा, घेर एका रंगीत पट्टीने मोजतात, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, आणि ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, लगेच उपचार. ना यंत्र लागतं ना वीज, आईलासुद्धा शिकवता येतं आणि आई तर रोज बघू शकते. माझी संस्था आयांना ही पट्टी घरी देते, मला हे फार म्हणजे फार आवडलं.

लसीकरणाचंही असंच. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग, २०१० मध्ये छापलेला. जिथे काहीच केलं नाही त्या गावांत लहान मुलांचं लसीकरण पूर्ण झालेलं प्रमाण होतं ६ टक्के, जिथे दर महिन्याला न चुकता शिबिर भरवलं तिथे १८ टक्के, आणि जिथे शिबिरासोबत आईला दर वेळी किलोभर डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर ताटांचा सेट दिला तिथे ३९ टक्के. यावरून कुणी म्हणेल की बायका डाळीसाठी आल्या. अहो, एक दिवसाची मजुरी बुडवून, मूल कडेवर घेऊन पायपीट करणाऱ्या बाईला डाळीने तो दिवस परवडला. गरिबाला अक्कल नसते म्हणून तो लस घेत नाही असं समजणाऱ्यांनी हे तीन आकडे बघावेत. आणि जेवण, शाळा, दवाखाना एकाच जागी असण्याचा फायदा हाच, की मूल जेवायला आलेलंच असतं तिथेच गोळी, तिथेच लस, तिथेच डोळे तपासणं, आईला तीन ठिकाणी तीन दिवस घालवावे लागत नाहीत. तीन वेगवेगळ्या संस्थांना थोडं थोडं देण्यापेक्षा मी एकाच जागी तिन्ही करणारी निवडली ती याचसाठी.

चिडलेली यासाठी की तपासणीनंतर पुढे काय, हा धागा फार वेळा तुटतो. माझ्या मुलीच्या रिपोर्टमध्ये एका वर्षी लिहून आलं 'दाढेला कीड, उपचाराची शिफारस'. पुढच्या वर्षीचा रिपोर्ट आला, त्यात पण जसंच्या तसं तेच वाक्य. म्हणजे वर्षभर ते लेकरू दाढदुखी घेऊन शाळेत बसलं होतं आणि कागदावर मात्र तपासणी झाल्याची बरोबरची खूण. मी मेल केला, नुसते आभार मानणारं उत्तर आलं, परत मेल केला, मग कळलं की दाताचा डॉक्टर तालुक्याच्या गावी, आणि बजेटमध्ये तपासणीचा खर्च धरलेला पण मुलाला आणि आईला तिथपर्यंत नेण्याच्या गाडीभाड्याचा धरलेलाच नाही. गाडीभाडं! शिबिराचा बॅनर छापायला पैसे होते. नंतर त्यांनी प्रवासखर्चाचं वेगळं खातं काढलं आणि पुढच्या रिपोर्टमध्ये दाढ काढल्याचं आलं, चांगलं झालं, पण असं मेल न करणाऱ्या माणसाच्या मुलाचं काय. म्हणून तुम्हीही भरत असाल तर तपासणी किती जणांची झाली हे विचारू नका, तपासणीत काही सापडलेल्यांपैकी किती जणांचे उपचार पूर्ण झाले हे विचारा. चष्म्याचंही तेच, नंबर काढून दिला म्हणजे काम संपलं नाही, चष्मा तुटल्यावर दुसरा मिळतो का.

शाळेच्या बाबतीत दप्तर, वह्या, पुस्तकं वाटपाचे फोटो भरपूर येतात, मला त्यांचं फारसं कौतुक नाही. केनियातच झालेला आणखी एक अभ्यास आहे, मुलांना पाठ्यपुस्तकं फुकट दिली तर सरासरी मार्कांत फरकच पडला नाही, फक्त आधीपासून हुशार असलेली मुलं पुढे गेली, कारण पुस्तकं इंग्रजीत आणि ती बऱ्याच मुलांची तिसरी भाषा, त्यांना वाचताच येत नव्हती. उलट मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना घेऊन मागे पडलेल्या मुलांचे छोटे गट केले, जे येत नाही तिथून शिकवायला सुरुवात केली, आणि मार्क चांगले वाढले, २००७ मध्ये छापलेला अभ्यास आहे. म्हणजे बॅगेपेक्षा रोज तासभर शेजारी बसून वाचायला शिकवणारी ताई जास्त मोलाची. माझ्या संस्थेत अशा ताया आहेत, पण त्यांच्यावर वेबसाइटवर एक ओळ आणि दप्तरांवर आख्खी गॅलरी. हे उलटं करा असं मी फीडबॅकमध्ये लिहिलंय.

पत्रांबद्दल. सुरुवातीची पत्रं एका साच्यातली वाटली, तुम्ही कसे आहात, मी बरी आहे, मला अभ्यास आवडतो, आणि खाली फुलाचं चित्र. काहींना हे खोटं वाटतं, पण विचार करा, अनोळखी माणसाला पत्र लिहायला बसवलं तर लहान मूल दुसरं काय लिहिणार. हळूहळू मोकळं लिहायला लागली, एकदा लिहिलं होतं की आता मी तिसऱ्या रांगेत बसते, मैत्रीण तिथे आहे म्हणून, आधी फळा दिसत नव्हता तर पहिल्या रांगेत बसायला लागायचं. चष्म्याचा उल्लेख रिपोर्टमध्ये होता पण त्याने झालं काय ते मला त्या ओळीने समजलं. ग्लेवी आणि वायडिक यांनी फिलिप रॉस यांच्यासोबत इंडोनेशियात पुढचा एक अभ्यास केला, त्यात मुलांना स्वतःचं चित्र काढायला सांगून त्यातला चेहरा हसरा की रडका, रंग गडद की उजळ हे तपासलं, स्पॉन्सरशिपमधल्या मुलांच्या चित्रांत आशा जास्त दिसली. त्यामुळे पत्रांना उगाच नावं ठेवू नका, कुणीतरी लांबून आपली चौकशी करतंय याचा मुलाला आधार वाटत असणार. फक्त उत्तर लिहिताना घरातल्या वस्तूंचं, सहलींचं वर्णन करू नका आणि वेगळी भेट पाठवू नका, वर्गात एकालाच पार्सल आलं की बाकीच्यांचे चेहरे डोळ्यांसमोर आणा.

फोटो हा माझ्यासाठी दुखरा विषय. १९१९ मध्ये सेव्ह द चिल्ड्रन सुरू करणाऱ्या एग्लेंटाइन जेब यांनी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात ऑस्ट्रियातल्या उपाशी मुलांच्या फोटोची पत्रकं वाटली होती, महायुद्धानंतरच्या नाकेबंदीत शत्रूदेशातली मुलं अन्नावाचून मरत होती आणि कुणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं. परवानगी नसलेल्या पत्रकांसाठी त्यांना दंड झाला, आणि खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाने स्वतःच त्या दंडाची रक्कम देऊ केली. त्या फोटोने तेव्हा दगडालाही पाझर फुटला. पण आज त्याच तऱ्हेचा फोटो, माशा बसलेला चेहरा, फाटके कपडे, जाहिरातीत वापरताना त्या मुलाला किंवा आईला कुणी विचारलंय का? ते मूल मोठं होणार आहे, ते चित्र नेटवर राहणार आहे. माझ्या संस्थेने हल्ली आईवडिलांची लेखी संमती आणि फोटो काढून टाकायची सोय सुरू केलीय, गावाचं नावही फोटोखाली देत नाहीत. याला पूर्ण मार्क.

मार्क जातात ते फोनवर. रक्कम वाढवा म्हणून फोन येतात, संध्याकाळच्या वेळी, आणि बोलणारा मुलगा किंवा मुलगी बिचारी पाठ केलेलं बोलते, 'एक मूल आज रात्री उपाशी झोपेल' वगैरे. मी लेखी कळवून फोन बंद करून घेतले, बंद झाले पण वेळ लागला. बंद करायचे असतील तर फोनवर सांगत बसू नका, मेल करा आणि तो जपून ठेवा.

प्रशासनावर किती टक्के खर्च हाही प्रश्न लोक फार विचारतात आणि जिचा आकडा सगळ्यात कमी ती संस्था निवडतात. मला ही पद्धत पटत नाही. हिशेब ठेवणारा माणूस, ऑडिट, मुलांच्या सुरक्षिततेसाठी कर्मचाऱ्यांची पोलीस तपासणी, तक्रारीसाठी माणूस, हे सगळं प्रशासनातच येतं, आणि दाढेच्या बाबतीत गाडीभाडं धरलेलं नाही हे वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही ते पाठपुरावा करायला माणूस नसल्यामुळेच. अवाच्या सवा पगार, हॉटेलातले कार्यक्रम असतील तर जरूर जाब विचारा, पण नुसता कमी आकडा बघून भुलू नका.

आणि शेवटचा स्टार जिथे कापला ते. ठरावीक वय झालं की सपोर्ट थांबतो आणि आपल्याला लगेच दुसऱ्या मुलाचा फोटो येतो, जुन्या मुलीचं पुढे काय याबद्दल अवाक्षर नाही. शाळा संपते, जेवण संपतं, दवाखान्याचं कार्ड संपतं, सगळं एकाच महिन्यात, आणि नेमकं त्याच वयात मुलींची लग्नं लावून द्यायची घाई सुरू होते. माझी मुलगी आता त्या वयाच्या जवळ आलीय. कॉलेज किंवा एखादा कोर्स, निदान दोन वर्षं वसतिगृहाची सोय असं काही आहे का हे मी विचारलंय, त्यासाठी रक्कम वाढवायचीही तयारी कळवलीय, आतापर्यंत 'आपला प्रश्न संबंधित विभागाकडे पाठवला आहे' एवढंच उत्तर आलंय. नीट उत्तर आलं की इथेच अपडेट टाकते, आणि कुणाच्या संस्थेत वय संपल्यावरही पुढची सोय असेल तर ती कशी चालते ते जरूर सांगा.